सहा मुके गजर

"माझ्या एका पेशंटवर आळ आलाय," डॉक्टरबाई खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाल्या. "आणि पंचाईत अशी, की तो आळ त्याला स्वतःलाच खरा वाटायला लागलाय."

आत्यांनी पेन्सिलीला टोक काढणं थांबवलं.

आत्या म्हणजे सगळ्या गल्लीच्याच आत्या. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, परीक्षेत कॉपी करणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीवर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. खरीखुरी आत्या मात्र त्या एकाच माणसाची. तो भाचा कोपऱ्यात बिस्किटं खात बसला होता. वय पंचेचाळीस, मनाने सोनं, आणि निष्कर्ष काढण्यात भलताच चपळ. ते निष्कर्ष चुकतात, एवढंच.

"पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं," डॉक्टरबाईंनी एक चिठ्ठी पुढे केली. "पण त्यानेच बोला म्हटलंय. लिहून दिलंय."

पेशंट घड्याळं दुरुस्त करणारा कारागीर होता. दुकानात त्याला पारा म्हणत, कारण तो चढायला वेळ लागायचा नाही. दीड वर्षापूर्वी तो डॉक्टरबाईंकडे आला तेव्हा त्याचा क्रम ठरलेला होता. दुकानात मालकांनी कान उपटले की हा तिथे गप्प, आणि घरी जाऊन बायकोसमोर भांडी आपटणार.

"मग? गोळ्या दिल्यात?" भाच्याने विचारलं.

"नाही. बोललो. दर मंगळवारी पन्नास मिनिटं. कसं असतं, राग ज्याच्यावर आलाय त्याच्यावर काढायची सोय नसली, की तो पत्ता बदलतो आणि भलत्याच गरिबाच्या दारात जाऊन पडतो. आमच्या पुस्तकांत याला विस्थापन म्हणतात. माणूस मुद्दाम करत नाही, त्याला गंधही नसतो. आम्ही त्या रागाचा माग काढत मागे मागे जातो. याचा राग बायकोवर नव्हताच. मालकांवरही बेताचाच. ज्या मोठ्या भावाने याला वाढवलं, त्याच्यावर होता. भावाबद्दल वावगा शब्द काढायचा म्हणजे याला पाप वाटायचं. तो शब्द निघायला वर्ष लागलं. त्यानंतर घरातली भांडी शाबूत आहेत."

"माग काढत मागे जायचं," आत्या खूश होऊन म्हणाल्या. "म्हणजे आपला धंदा एकच. आता आळ सांगा."

आळ असा होता. गेल्या दोन महिन्यांत पाऱ्याने गजराची नऊ घड्याळं दुरुस्त केली. त्यातली सहा परत आली. वेळ अगदी बरोबर दाखवत होती, पण गजर मुका. झाकण उघडलं की दिसायचं, घंटेवर आपटणाऱ्या छोट्या हातोडीचा दांडा केसभर मागे वाकवलेला. हातोडी हलायची, पण घंटेपर्यंत पोचायची नाही. आणि सहाही झाकणांच्या आत पाऱ्याची खूण कोरलेली. दुरुस्ती केली की कारागिराने आपली खूण कोरायची, अशी त्या धंद्याची रीत.

"मालकांनी शनिवारपर्यंत मुदत दिलीय. पण तो त्याआधीच सोडून जायचं म्हणतोय. मला म्हणाला, 'डॉक्टरबाई, पूर्वी मी न कळत करायचोच ना? आताही माझे हात मला न विचारता करत असतील.' माझ्याकडे यायचंही थांबवलंय. दीड वर्षात काहीच बदललं नाही म्हणतो."

"त्याने हे केलेलं नाही, याची तुम्हाला खात्री आहे?"

डॉक्टरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "आहे," त्या म्हणाल्या.

उत्तर यायला लागलेला वेळ आत्यांनी टिपला.

दुसरा दिवस गुरुवार होता. दुकान लहानसं. पुढे काउंटर, खिडकीशी कामाचे दोन बाक, मध्ये दुरुस्त झालेली घड्याळं ठेवायची लांब फळी, आणि भिंतभर टिकटिक. मागच्या खोलीत मालक, म्हणजे आबा, झोपून होते. अडीच महिन्यांपूर्वी स्टुलावरून पडून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. आतून कोणीतरी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतं.

काउंटरवर आबांची मुलगी होती. तिला सगळे ताई म्हणत. चाळिशीची, हसरी, जिभेवर साखर.

"बसा, चहा टाकते," ती म्हणाली. "आज निवांत मिळेल. सोमवारी आणि गुरुवारी नर्सबाई असतात, ते आमचे चंगळीचे दिवस." चहा गाळता गाळता, मानही न वळवता, तिने हाक मारली, "पारा, वरच्या ओळीतलं दुसरं लंगडतंय बघ."

पारा उठला. दोन बोटांनी त्याने ते घड्याळ जरासं सरळ केलं आणि ठोका सुधारला. रुंद खांद्यांचा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. "ताईंना कान आहे," तो म्हणाला.

"कान कसला, याच आवाजात वाढले मी. घड्याळातलं मला काय कळतंय."

पाऱ्याने आपली पद्धत सांगितली. दुरुस्ती झाली की गजर वाजवून पाहायचा, खूण कोरायची, घड्याळ रात्रभर फळीवर ठेवायचं. सकाळी ताई ते पुसून, कागदात बांधून गिऱ्हाइकाला देणार. फळीपर्यंत कोणाचाही हात पोचतो.

"नऊही वाजले होते?"

"वाजले होते. म्हणजे, माझ्या आठवणीत वाजले होते." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "आता आठवणीचंही काही खरं नाही."

दुसऱ्या बाकावर काका बसले होते. दुकानातले सगळ्यात जुने कारागीर, पाऱ्याहून दहा वर्षांनी वडील, डोळ्याला कायम भिंग लावलेलं. ते फक्त मनगटी घड्याळं बघत. आबा पडल्यावर त्यांचा मुख्य बाक काकांना मिळेल असं सगळ्यांना वाटलं होतं. आबांनी तो पाऱ्याला दिला.

भाच्याने मागून विचारलं, "काका, ते सहा गजर तुम्ही ऐकले होते?" काका गप्प. त्याने दोनदा पुन्हा विचारलं. काका ढिम्म.

आत्या त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोच प्रश्न केला.

"ऐकले ना. या कानांनी ऐकले. सगळे खणखणीत."

"आणि कालचा?"

"कालचाही."

"काल फळीवर गजराचं घड्याळ नव्हतंच, काका," पारा आत्यांशेजारी येत म्हणाला. काका लाल झाले आणि त्यांनी मान खाली घातली. भाच्याचे डोळे चकाकले.

निघताना आत्यांनी गिऱ्हाइकांना घड्याळं दिल्याची वही मागितली. ताईने ती लगेच काढून दिली. आत्यांनी नऊ तारखा उतरवून घेतल्या.

"काकाच," भाचा रस्त्यावर येताच म्हणाला. "बाक हुकला, म्हणून पाऱ्याला गोत्यात आणलं. आणि वर धडधडीत खोटं."

"खोटं बोलले खरे," आत्या म्हणाल्या. "का बोलले ते बघू."

शुक्रवारी सकाळी दोघांनी गिऱ्हाइकं गाठली. पहिला बेकरीवाला. त्याचं घड्याळ मुक्या सहांपैकी. "अहो, अर्धी गल्ली पावाविना राहिली त्या दिवशी. ताई एरवी समोर एकदा वाजवून दाखवतात. त्या बुधवारी म्हणाल्या, आबांचा डोळा लागलाय, आवाज नको."

दुसऱ्या शिवणकाम करणाऱ्या बाई. त्यांचा गजर ठणठणीत. "वाजवला की ताईंनी. असा वाजवला की मी दचकले. सोमवार होता, मी कापड आणायला निघाले होते."

मग दुकान. आज आत्या पाऊण तास नुसत्या बसून राहिल्या.

आतून पितळी घंटी वाजली. घणघण. "आले आबा," म्हणत ताई हसत आत गेली. उशी सरकली होती. ती बाहेर येऊन कागद घडी घालते तोच पुन्हा घणघण. खिडकी लावायची होती. मग उघडायची होती. मग पाणी. प्रत्येक घणघणीला पाऱ्याचा हात क्षणभर थांबायचा. काका मानही वर करत नव्हते. ताई प्रत्येक वेळी हसूनच जायची.

"किती करता हो तुम्ही आबांचं," भाचा अगदी मनापासून म्हणाला.

"करायलाच हवं. आबा म्हणजे देवमाणूस. त्यांच्यावर कोण चिडेल?"

आत्या मग आबांना भेटल्या. स्वच्छ पलंग, शेजारी स्टुलावर घंटी, आणि बोलायला माणूस मिळाल्याचा आबांना झालेला उघड आनंद.

"दिवसा झोप लागते का?"

"नाव नको. पडून पडून झोपच पळालीय. म्हणून तर लेकीला सारखी बोलावतो. घंटी बरी, ओरडावं लागत नाही."

"बाक पाऱ्याला का दिलात?"

"हात सोन्याचा आहे त्याचा. निदान होता, असं वाटतं. काकांचं हल्ली लक्ष नसतं."

"आणि ताई?"

"तिचाही हात चांगला, बरं का. लहानपणी मांडीवर बसवून शिकवलंय. हा अपघात झाल्यावर म्हणालीही होती, मी बसू का बाकावर म्हणून." आबा हसले. "म्हटलं, तू तिथे बसलीस तर माझं कोण करणार? पटलं तिला. शहाणी आहे."

त्या संध्याकाळी आत्यांनी भाच्यासमोर कॅलेंडर ठेवलं. "नऊ तारखांचे वार काढ."

भाच्याने काढले. मुक्या सहा तारखांपुढे मंगळ, बुध, शुक्र, शनि, पुन्हा बुध, पुन्हा मंगळ. बोलक्या तिन्हींपुढे सोम, गुरु, सोम.

"यात काय आहे?"

"सगळं आहे," आत्या म्हणाल्या. "तू बिस्कीट खा."

शनिवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर सगळे आबांच्या खोलीत जमले. डॉक्टरबाईही आल्या होत्या. पाऱ्याने आपली हत्यारं फडक्यात गुंडाळून सोबत आणली होती, म्हणजे जायची तयारी पूर्ण. काका भिंतीशी उभे होते आणि ताई पलंगाच्या पायथ्याशी.

"सुरुवात सोप्यापासून करू," आत्या म्हणाल्या, चांगल्या मोठ्या आवाजात. "हातोडी वाकवणारा माणूस रागावलेला आहे, हे सगळ्यांनी धरून चाललं. रागावलेला म्हणजे पारा, हेही धरलं. पण पाऱ्याचा राग कसा असतो? भांडी आपटायचा तो. इथे एकही काच फुटलेली नाही, एक ओरखडा नाही. चिमट्याने केसभर, आणि तेही घड्याळाची चाल न बिघडवता. हा आपटणाऱ्याचा राग नाही. हा हसत हसत गिळलेला राग आहे."

"काका," भाचा पुटपुटला.

"काका खोटं बोलले," आत्या म्हणाल्या. "पण त्यांचं कारण वेगळं आहे आणि ते त्यांनी त्यांच्या सवडीने सांगावं."

काकांनी भिंग खिशात टाकलं. "सवड कसली. ऐकू येत नाही मला. वर्ष झालं. कळलं तर आबा घरी बसवतील म्हणून सगळं ऐकलं म्हणत सुटलो."

"मग इतके दिवस मी तुम्हाला जे बोलत होतो ते?" आबांनी विचारलं.

"काय म्हणालात?" काका म्हणाले. कोणीतरी हसलं आणि खोलीतली हवा जरा सैल झाली.

"आता वार बघा," आत्यांनी कागद उघडला. "सहा मुकी घड्याळं मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी दिली गेली. तीन बोलकी, सोमवारी आणि गुरुवारी. पारा सहाही दिवस असतो. काकाही असतात. पाऱ्यावर खुन्नस काढायची तर सोमवारी का सोडून द्यायचं? सोमवारी आणि गुरुवारी एकच गोष्ट वेगळी असते. नर्सबाई असतात. म्हणून ही घंटी वाजत नाही."

आबांनी स्टुलाकडे पाहिलं.

"ज्या दिवशी घंटी वाजते, त्या दिवशी घड्याळाची घंटा बंद पडते. आपण सगळे विचारत होतो, पाऱ्यावर कोणाचा राग आहे, दुकानावर कोणाचा राग आहे. प्रश्नच चुकीचा. घड्याळ कोणाच्या जागी मार खातंय, हे विचारायला हवं होतं. आणि त्या सहा दिवशी गिऱ्हाइकासमोर गजर वाजवला नाही. कारण काय दिलं? आबा झोपलेत. आबा तर दिवसा झोपतच नाहीत." आत्यांचा आवाज मऊ झाला. "पाठमोरं असताना कोणतं घड्याळ लंगडतंय हे ओळखणारं माणूस इथे एकच आहे. त्याला चिमटा धरायला आबांनीच शिकवलंय. काल मी चिडण्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं, तरी ते माणूस म्हणालं, आबांवर कोण चिडेल. ताई, पुढचं मी सांगू, की तुम्ही?"

ताईने पलंगाची कड धरली.

"मीच केलं," ती म्हणाली. "घड्याळ पुसायला घ्यायचे, आतून घंटी वाजायची, मी जाऊन यायचे, आणि आल्यावर हातात चिमटा असायचा. केसभर वाकवलं की छातीवरचं ओझं उतरायचं. मग दिवसभर हसता यायचं. का करते, ते माझं मलाच कळत नव्हतं. आणि पाऱ्यावर येतंय हे दिसत असूनही तोंड उघडलं नाही. आबांवर कशी रागावू मी? हाड मोडून पडलेल्या माणसावर?"

"रागावता येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रेम असलं तरी येतं. आधी शब्दांत यावं लागतं, एवढंच."

ताई वडिलांकडे वळली. "आबा, मला राग येतो. तुम्ही घंटी वाजवता तेव्हा येतो. पण त्याहून जास्त त्या दिवसाचा येतो. मी बाक मागितला आणि तुम्ही हसलात. मी इतकी वर्षं वाट बघत होते त्या बाकाची, आणि तुम्ही नुसते हसलात."

आबांनी घंटी स्टुलाच्या कडेला सरकवली. "मला वाटलं तुला पटलं," ते म्हणाले. "मी नीट विचारलंच नाही तुला." त्यांनी हात पुढे केला. "नर्सबाईंना रोज यायला सांगू. तू बस बाकावर. मी करून घेईन माझं. शिकेन."

ताईने त्यांचा हात धरला. ती रडत होती, आणि तिचा चेहरा मात्र दोन दिवसांत पहिल्यांदा खरा वाटत होता.

"यांनी माझ्याकडे यावं असं म्हणणार नाही," डॉक्टरबाई आत्यांच्या कानाशी म्हणाल्या. "पाऱ्याची अडचण होईल. माझी एक मैत्रीण आहे, तिचं नाव सुचवते."

"पारा," आत्या म्हणाल्या, "तुला काही म्हणायचंय?"

पारा पुढे आला. त्याचं तोंड लालबुंद झालं होतं. काकांनी शेजारचा काचेचा पेला गुपचूप उचलून मागे लपवला.

"राग आलाय," पारा म्हणाला. "ताई, तुमच्यावर. दोन महिने माझ्या खुणेआड तुम्ही हे केलंत, आणि मी माझ्याच हातांना घाबरून जगलो. मुलीला उचलून घ्यायचं बंद केलं मी. आबा, तुमच्यावरही आलाय. वीस वर्षं माझं काम बघताय. शनिवार सांगण्याआधी एकदा समोर बसवून विचारायचं होतंत."

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "सहाही गिऱ्हाइकांकडे मी स्वतः जाऊन सांगेन कोणी केलं ते."

"माझंही चुकलं," आबा म्हणाले.

पाऱ्याने एक लांब श्वास सोडला. तो जरा थांबला, जणू आत आणखी काही उरलंय का ते चाचपून बघत होता. "झालं," तो म्हणाला. "एवढाच होता. घरी न्यायला काही शिल्लक नाही." मग तो ताईकडे वळला. "सोमवारी येतो. माझ्या शेजारी बसायचं असेल तर भिंग स्वतःचं आणा. मी माझं देत नाही कोणाला."

बाहेर दुकानाच्या पायरीवर ऊन आलं होतं. भाचा आत्यांना, काकांचा संशय आपल्याला पहिल्यापासूनच पटत नव्हता, असं समजावून सांगत होता आणि आत्या ते ऐकून घेत होत्या.

पारा डॉक्टरबाईंशेजारी येऊन उभा राहिला. हत्यारांचं फडकं तो आतच ठेवून आला होता.

"थोडा तुमच्यावरही आलाय," तो म्हणाला.

"माझ्यावर?"

"तुम्हालाही शंका आली होती. पूर्ण खात्री असलेला माणूस चौकशीची पाटी शोधत जात नाही."

डॉक्टरबाईंना यातून निसटता आलं असतं. पाऱ्याचं भलं व्हावं म्हणूनच गेले, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं.

"आली होती," त्या म्हणाल्या. "एक आठवडाभर."

पाऱ्याने मान हलवली. त्याला ते लागलं होतं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"मग मंगळवारी येतो," तो म्हणाला. "त्याबद्दलच बोलायचंय."